साडूच्या साक्षीनं उद्घाटन

कॉम्प्युटर घरीच जोडायचा असं शहादेवरावांनी ठरवलं, तोवर काहीही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे, त्यांनी फोन उचलून गेवराईच्या साडूला उद्घाटनाचं आमंत्रण दिलं तेव्हा.

साडू म्हणजे आदिनाथ, शहादेवरावांच्या बायकोच्या, संगीताबाईंच्या धाकट्या बहिणीचा, अंजनाचा नवरा. गेवराईत ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवणारा, बोलायला गोड, वागायला सरळ माणूस. शहादेवरावांच्या मते त्याच्यात एकच खोट होती. तो कुठलीही वस्तू दुकानातून तयार आणायचा, सीलबंद, वॉरंटीचं कार्ड कपाटात जपून ठेवायचा आणि त्याची वस्तू कधी बिघडायची नाही. यातलं शेवटचं शहादेवरावांना विशेष खुपायचं.

ते स्वतः परळीला थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूमला. "आमी सेट चालू केला की पार लातूरपर्यंत पंखे फिरत्यात," असं ते पाव्हण्यारावळ्यांत सांगायचे. (फिरत असतील. लातूरला जाऊन कुणी पाहिलं होतं?) एवढं अवाढव्य यंत्र ज्याच्या बोटाखाली चालतं, त्यानं घरातल्या चिल्लर यंत्रांना काय म्हणून भ्यावं? मिक्सर, गिझर, कूलर, इस्त्री, शहादेवरावांनी खोलली नाही अशी वस्तू घरात नव्हती. त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी परत बसवल्याही होत्या.

कॉम्प्युटर हवा होता सायलीला. लेक आर्किटेक्ट होऊन संभाजीनगरहून घरी आलेली. पुण्याची एक कंपनी तिला घरबसल्या काम द्यायला तयार होती. काम असं, की न बांधलेल्या इमारतीचं चित्र कॉम्प्युटरवर इतकं हुबेहूब काढायचं, की बघणाऱ्याला वाटावं चपला काढून आत जावं. त्यासाठी सोमवारी सकाळी ऑनलाइन परीक्षा होती आणि परीक्षेला दमदार कॉम्प्युटर पाहिजे अशी अट होती. सायलीचा कॉलेजातला लॅपटॉप असलं चित्र उघडायला गेला की धापा टाकायचा. तापायचा तर इतका, की शहादेवरावांचे वडील, आप्पा, म्हणायचे, याच्यावर पापड भाजून निघंल. नोकरी लागली तर पोरगी आपल्या घरात, आपल्या माणसांत राहून काम करणार होती. नाही लागली तर पुन्हा बॅग भरायची, पुण्यात कुठं तरी खोली बघायची आणि ऑफिसं पालथी घालायची. त्यामुळे त्या सोमवारकडे घरातल्या सगळ्यांचे डोळे लागले होते.

कुठला पार्ट घ्यायचा, कुठला कशाशी जुळतो, हे सायलीनंच शोधून मागवलं. जोडायचीही तिची तयारी होती. हॉस्टेलवर एका मैत्रिणीचा कॉम्प्युटर तिनंच जोडून दिला होता. पण खोकी घरात आली आणि शहादेवरावांनी जाहीर केलं, जोडणार मी.

हा नुसता तोरा नव्हता, बरं का. शिफ्टची नोकरी असली की घरातल्या चांगल्या गोष्टी नेमक्या आपण ड्यूटीवर असताना होतात. सायलीचं गॅदरिंग, तिचा बक्षीस समारंभ, शहादेवरावांनी सगळं फोटोत पाहिलेलं. म्हणून लेकीला तिच्या पहिल्या कामाची वस्तू आपल्या हातानं करून द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण साधी इच्छा साध्या शब्दांत सांगतील तर ते शहादेवराव कसले. ते म्हणाले, "तू फकस्त टॉर्च धर."

रविवारी सकाळी त्यांनी हॉलमधला दिवाण ताब्यात घेतला. मेन स्विच बंद केला आणि त्याला 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी पाटी अडकवली. थर्मलमध्ये पाटीशिवाय कुणी स्क्रूला हात लावत नाही, मग घरी का लावावा? संगीताबाईंना चटणी वाटायची होती, पाव्हण्यांचा स्वयंपाक पडला होता. त्यांनी शांतपणे पाटी काढली, स्वयंपाकघराच्या दाराला अडकवली आणि मेन स्विच चालू केला.

शहादेवरावांनी आठवडाभर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. (बरेचसे हिंदी होते आणि त्यांनी ते वेळ वाचावा म्हणून पळवत पाहिले होते.) त्यामुळे हात झरझर चालत होते. तोंडही चालत होतं. प्रोसेसर म्हणजे बॉयलर, मेमरी म्हणजे कोळशाचा साठा, पंखा म्हणजे कूलिंग टॉवर, असं ते सायलीला समजावून देत होते. ती मधेच काही सांगायला गेली की ते म्हणायचे, मधी बोलू नको, लिंक तुटती. ती गप्प बसायची आणि टॉर्च धरायची. सगळं बसवून झालं तेव्हा तीनचार स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देत्यात, असं सांगून त्यांनी ते खिशात टाकले.

दुपारी आदिनाथ आणि अंजना आले. आदिनाथनं कॉम्प्युटरसाठी झेंडूचा हार आणला होता. संगीताबाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, आप्पांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. शहादेवरावांनी थोडक्यात भाषण केलं. त्यात त्यांनी दुकानातून तयार वस्तू आणणाऱ्या लोकांविषयी, कुणाचंही नाव न घेता आणि आदिनाथकडे बघत, सहानुभूती व्यक्त केली. मग सगळ्यांना जवळ बोलावून त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

म्हणजे आवाज नाही, उजेड नाही, काहीच नाही. डबा आपला सत्काराचा हार घालून बसलेल्या पाहुण्यासारखा गप्प. शहादेवरावांनी पुन्हा दाबलं, जरा जोर लावून. मग बोट बदलून अंगठ्यानं दाबलं. आदिनाथनं अगदी मनापासून विचारलं, की याला आधी तापायला वेळ लागतो का. चेष्टा केली असती तर शहादेवरावांना एवढं लागलं नसतं.

"सॉकेटला करंट न्हाई," त्यांनी निकाल दिला. वीज हा त्यांचा प्रांत. खात्री करायला काहीतरी चालतं यंत्र लावून बघायला हवं होतं, म्हणून ते तरातरा स्वयंपाकघरात गेले (दारावरच्या पाटीला न जुमानता, आणि ती त्यांचीच होती) आणि ओट्यावरचा मिक्सर भांड्यासकट उचलून घेऊन आले. संगीताबाई आतून काहीतरी म्हणत होत्या. त्या काय म्हणत होत्या ते शहादेवरावांनी मिक्सर लावून बटण फिरवल्यावर कळलं. भांड्यात शेंगदाण्याची चटणी होती आणि झाकण ओट्यावर राहिलं होतं.

चटणी भिंतीवर गेली, हारावर गेली, आदिनाथच्या पांढऱ्या शर्टवर गेली. अंजनानं पदर वेळेवर वर घेतला म्हणून ती वाचली. आप्पांनी बोटावरची चाखून बघितली आणि मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. शहादेवरावांच्या डोळ्यांत तिखट गेलं होतं, पण माणूस ड्यूटीचा पक्का.

"सॉकेट ओके हाय," ते डोळे मिटून म्हणाले.

सगळं पुसून झाल्यावर सायली हळूच म्हणाली, की पाठीमागं, जिथं वायर घुसते तिथं, एक छोटं बटण असतं, ते चालू करावं लागतं. शहादेवरावांनी तिला सांगितलं, की ते त्यांना ठाऊक होतं, सेफ्टीसाठी मुद्दाम बंद ठेवलं होतं. मग ते डब्याच्या मागं गेले, बराच वेळ शोधलं आणि बटण सापडल्यावर दाबलं. आत बोर्डावर एक इवलासा दिवा लागला. आप्पांनी त्याला हात जोडले. पण पुढचं बटण दाबलं, तर डबा पुन्हा गप्प.

संगीताबाईंनी पानं घेतली.  जेवताना, साडूला बरं वाटावं म्हणून, आदिनाथनं त्याचा कॉम्प्युटर आला तेव्हाची हकीकत सांगितली. दुकानातला माणूस आला, त्यानं खोकं फोडलं, टेबलावर ठेवला, वायर लावली, झालं. हकीकत एवढीच होती. शहादेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बराच वेळ चावत बसले.

जेवण होताच त्यांनी पुढच्या बटणाच्या वायरी धरल्या. त्या कुठल्या काट्यांवर बसवायच्या ते बोर्डावर लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं तांदळावर गणपती काढणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेली. शहादेवरावांनी आपला चष्मा लावला, त्यावर आप्पांचा चष्मा लावला. सायली म्हणाली, पप्पा, मी बघू का, मला दिसतंय. ते म्हणाले, दिसण्याचा प्रश्न न्हाई, अनुभवाचा हाय. आणि अनुभवाच्या जोरावर त्यांनी ती वायर एकामागून एक प्रत्येक जोडीवर बसवून बघितली. अशी बसवता बसवता एकदम डब्यातून घर्रर्र आवाज आला. पंखे फिरू लागले. आत लाल, निळे, हिरवे, जांभळे दिवे एकामागून एक पळायला लागले. अंजनानं टाळ्या वाजवल्या. शहादेवराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि थर्मलच्या सगळ्या चिमण्या त्यांच्यामागं उभ्या असल्यासारखे दिसू लागले.

फक्त स्क्रीन काळी होती. तिच्यावर 'नो सिग्नल' अशी एक पाटी इकडून तिकडे फिरत होती.

थोडा वेळ सगळ्यांनी ती पाटी बघितली. मग आदिनाथ म्हणाला, "लायटिंग मात्र सुंदर आहे, साडूभाऊ. गणपतीत उपयोगी पडंल."

यानंतरचा वेळ शहादेवरावांनी कारणं शोधण्यात घालवला. आधी स्क्रीन खराब ठरली. ती सायलीच्या लॅपटॉपला लावली तर झकास चालली. मग केबल खराब ठरली, तीही निर्दोष सुटली. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की मदरबोर्ड कंपनीतूनच मेलेला आलाय, आणि कंपनीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून तरुण, बोलणं हिंदी. त्या विचारत होत्या, कौन सी लाइट जल रही है? शहादेवराव त्यांना सांगत होते, की आपण पॉवर स्टेशनमध्ये किती वर्षं काढलीत. बाईंनी विचारलं, बीप की आवाज आती है क्या? शहादेवरावांनी त्यांना बॉयलर ट्रिप होऊन बंद पडल्यावर कसा आवाज येतो ते करून दाखवलं. बाई फार सोशिक होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अत्यंत आदरानं विचारलं, "सर, घर में और कोई है?"

उत्तर आप्पांनी दिलं.

"हाय की," ते फोनकडे वाकून म्हणाले. "पोरगी हाय."

शहादेवरावांनी फोन सायलीच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर कॉलनीतली लिंबाची झाडं राखेनं जराशी धुरकटलेली. ऊन कलायला लागलं होतं. आतून सायलीचं "जी, जी, समझ गई" ऐकू येत होतं. उद्या सकाळी पोरीची परीक्षा आणि आपण तिच्या पुढ्यात काय ठेवलं, तर गणपतीचं डेकोरेशन. हा विचार त्यांना दिवसभरात पहिल्यांदाच आला आणि आला तो चांगलाच बसला.

संगीताबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"सकाळपासून टॉर्च धरून पोरीचा हात भरून आलाय," त्या म्हणाल्या. "आता जरा तुमी धरा."

"मला वाटलं, एक तरी वस्तू तिला आपल्या हातची असावी," शहादेवराव झाडांकडे बघत म्हणाले.

"मग टॉर्च काय पायानं धरायचा हाय?"

शहादेवरावांनी चहा संपवला. मग आत जाऊन दिवाणाजवळ मांडी घातली आणि सायलीकडे हात पुढे केला. तिनं टॉर्च दिला, त्यांनी स्क्रूड्रायव्हर दिला.

सायलीनं सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. खट् असा आवाज आला तसं शहादेवरावांनी कान टवकारले, कारण त्यांनी बसवल्या तेव्हा असा काही आवाज आला नव्हता. टॉर्च धरणं हे काम त्यांना वाटलं तेवढं सोपंही नव्हतं. त्यांचा उजेड त्यांना जिथं बघायचं असेल तिथं जायचा. "पप्पा, इकडं," सायली म्हणायची, आणि उजेड नाइलाजानं परत यायचा.

असाच एकदा भरकटलेला उजेड डब्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथं एक जाड वायर घडी घालून, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून, अगदी नीटनेटकी बांधून ठेवली होती.

सायली थांबली. "ही अशी बांधून का ठिवलीय?"

"ती व्हय? ती स्टँडबाय हाय," शहादेवराव म्हणाले. "जास्तीची निघाली. आमच्याकडं प्रत्येक पंपाला एक स्टँडबाय असतोच."

सायलीनं आधी वायरीकडे बघितलं, मग वडिलांकडे. हसू यायला लागलं होतं ते तिनं ओठांत दाबलं.

"पप्पा, ही प्रोसेसरची वायर हाय. त्याला करंटच न्हाई."

आदिनाथ इतिहासाचा माणूस, पण एवढं त्यालाही कळलं. तो लगबगीनं उठून चटणी लागलेला शर्ट बघायला बेसिनकडे गेला. अंजना त्याच्यामागं गेली. साऱ्या मुलखाला वीज पाठवणाऱ्या माणसाकडून घरच्या प्रोसेसरला तेवढी द्यायची राहिली होती. पंखे फिरत होते, दिवे पळत होते, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बिचारा सकाळपासून अंधारात बसला होता.

आप्पांना काही उमगेना. काय झालं, काय झालं, असं ते विचारायला लागले. शेवटी शहादेवरावांनीच त्यांना सांगितलं, की विहिरीवर मोटार बसवली, पाइप टाकला, पाटही काढला, फक्त मोटारीला लाइट जोडली नाही.

"मग पाणी कसं येईल?" आप्पा म्हणाले.

आणि शहादेवरावांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग ते पोट धरून दिवाणाला टेकले. सायलीनंही मग दाबून धरलेलं सोडून दिलं. बेसिनकडनं आदिनाथचं हसणं ऐकू आलं. ते इतकं जोरात होतं, की शर्ट धुवायला नव्हे, हसायलाच तो गेला होता हे उघड झालं.

सायलीनं पट्टी कापली, वायर ओढून घेतली आणि जागेवर बसवली. मग ती बाजूला सरकली.

"दाबा, पप्पा."

"तूच दाब," ते म्हणाले. "तुझा हाय."

"तुमी दाबा."

शहादेवरावांनी बटण दाबलं, या वेळी अगदी हलकेच, झोपलेल्या लेकराच्या गालाला लावावं तसं बोट लावून. पंखे फिरले, दिवे पळाले, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. संगीताबाईंनी देवापुढं साखर ठेवली. सायली वडिलांच्या गळ्यात पडली. शहादेवरावांनी एका हातानं तिला धरलं. दुसऱ्या हातातला टॉर्च विझवायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे घरात दिवे असूनही छतावर बराच वेळ एक जादा उजेड नाचत राहिला.

सोमवारची परीक्षा छान झाली. सायलीनं काढलेल्या घराच्या चित्रात अंगणातल्या पाण्यात आभाळसुद्धा दिसत होतं. चारसहा दिवसांत कंपनीचा होकार आला. थर्मलमध्ये शहादेवरावांनी पेढे वाटले. वाटताना पहिल्या दिवशी ते सांगत होते, की कॉम्प्युटर सायलीनं जोडला, मी मदत केली. पुढच्या दिवशी, आमी दोघांनी जोडला. आठवडा संपता संपता, मी जोडला, सायलीनं टॉर्च धरला. (यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं. टॉर्च तिनं धरलाच होता.)

पुढं पावसाळा सरल्यावर एका सुट्टीच्या सकाळी आदिनाथचा फोन आला. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. तयार आणलेला, सीलबंद, नुकतीच वॉरंटी संपलेला. शहादेवरावांनी दुःख व्यक्त केलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. काळजी करू नका, आत्ता निघतो, असं म्हणत ते एका हातानं बूट शोधायला लागलेसुद्धा.

पलीकडे आदिनाथ थोडा घुटमळला. मग म्हणाला, सायलीला पाठवता आलं तर बरं होईल.

"म्हंजे मी नको?"

"तसं न्हाई, साडूभाऊ," आदिनाथ घाईघाईनं म्हणाला. "तुमी तर पाहिजेच. एवढ्या लांब पोरीला एकटीला कशाला पाठवायचं? गाडी कोण चालवणार?"

शहादेवरावांनी गाडी काढली. सिरसाळा येईस्तोवर त्यांनी आदिनाथच्या कॉम्प्युटरमध्ये काय बिघडलं असणार ते कारणांसकट सांगून टाकलं. तेलगावला उपाय सांगितला. माजलगाव ओलांडलं तेव्हा ते सायलीला म्हणाले, की तिकडे गेल्यावर तू फार बोलू नको, मी बघतो. सायली हो म्हणाली. तिच्या कानात गाणी चालू होती.

गेवराईत आदिनाथची गल्ली अरुंद. सायली उतरून पुढं गेली. शहादेवराव गाडी कोपऱ्यावर लावून, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून मागून आले. तोवर आदिनाथचा कॉम्प्युटर चालू झाला होता आणि सायलीभोवती शेजारच्या दोन बायका आपापल्या घरचे बिघाड सांगत उभ्या होत्या. शहादेवराव दारात येऊन घाम पुसत उभे राहिले. त्यातल्या एका बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सायलीला अदबीनं विचारलं,

"मॅडम, तुमच्या डायवरला चहा देऊ का?"

सायली काही बोलायच्या आत शहादेवरावांनी पिशवी खाली ठेवली, मान ताठ केली आणि ठामपणे सांगितलं,

"साखर कमी."